पर्वतीय पाणलोट वनांचे सेवामूल्य

डोंगराळ पाणलोट क्षेत्रातील जंगलामुळे मिळणारे पाणी, मृद्‌संधारण, पूरनियमन, कार्बनसाठा इ. लाभांचे पैशांत केलेले मूल्यमापन. 1997 मध्ये रॉबर्ट कोस्टँझा व सहकाऱ्यांनी जगातील परिसंस्था-सेवांचे (निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या लाभांचे) मूल्य वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढले, तेव्हापासून या विषयाकडे विशेष लक्ष वेधले गेले. कल्पना मात्र बरीच जुनी असून 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन यांनीही कोकणातील वृक्षतोडीचा संबंध आटत्या ओढ्यांशी जोडला होता.

जंगल स्पंजाप्रमाणे पावसाळ्यात पाणी शोषून उन्हाळ्यात सोडते, हे गृहीतक बहुतेक मूल्यांकनांच्या मुळाशी आहे. पण ते निर्विवाद नाही. बॉश व ह्यूलेट या संशोधकांनी 1982 मध्ये घेतलेल्या 94 प्रायोगिक पाणलोटांच्या आढाव्यात वृक्षाच्छादन घटल्यावर प्रवाह वाढल्याचे दिसले, कारण झाडे बाष्पोत्सर्जनाने पुष्कळ पाणी वापरतात. तथापि हा निष्कर्ष वर्षाच्या एकूण प्रवाहाबद्दलचा आहे. उन्हाळी झरा टिकतो की नाही, हे पावसाचे पाणी किती मुरते यावर ठरते, आणि सह्याद्रीच्या उत्तर कन्नड भागातील मोजणीत नैसर्गिक जंगलाची माती उजाड जमिनीपेक्षा अधिक पाणी मुरवते असे आढळले. त्यामुळे सह्याद्रीपुरते तरी स्पंजाचे मत सरसकट टाकून देणे योग्य वाटत नाही.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण नेहमी दिले जाते. सहा ते आठ अब्ज डॉलरचा पिण्याचे पाणी गाळण्याचा प्रकल्प टाळून शहराने 1997 च्या करारान्वये कॅट्सकिल डोंगरातील पाणलोट राखण्यावर खर्च केला. गाळणीचा प्रश्न पाणी बिघडल्यामुळे नव्हे, तर संघीय नियमांमुळे उद्भवला होता, असा तत्त्वज्ञ मार्क सॅगॉफ यांचा आक्षेप आहे. टळलेला खर्च म्हणजेच जंगलाचे मूल्य, हे समीकरण त्यामुळे सैल पडते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वनजमीन अन्य कामासाठी वळवताना भरावयाचे निव्वळ वर्तमान मूल्य (जंगलाच्या भावी लाभांची आजची किंमत) हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख रुपये ठरवले. पुढे हे दर वाढवण्यात आले. दर वनप्रकार व घनतेवर ठरत असल्याने नदीच्या उगमावरचे रान आणि तितकेच दाट सपाटीवरचे रान यांत भेद उरत नाही. पाणलोट वनांची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवतीचे जंगल गाळ अडवते, पण तेथील विजेचा लाभ दूरच्या गावा-शहरांना होतो.