प्रोफाइलवरच्या याद्या : काही साइटच्या, काही आपल्या

पुस्तकांच्या एखाद्या साइटवर कुणाचं प्रोफाइल उघडलं की आधी आकडे दिसतात. वाचलेली ३१२, वाचत असलेली ४, वाचायची ५८०. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही याद्या असतात : 'रात्री एकट्याने वाचू नयेत अशी', 'आजीला वाचून दाखवलेली', 'उसनी दिली ती गेलीच'. वरच्या तीन याद्यांची नावं साइटने ठरवलेली, सगळ्या सदस्यांना सारखीच. खालची नावं त्या एकट्या माणसाची. माणूस कसा आहे याचा अंदाज येतो तो खालच्या नावांवरून, पण मानाची जागा मिळते वरच्या तिघींना. खालच्या बऱ्याचदा 'आणखी दाखवा'च्या आड असतात. ही वाटणी कशी झाली ते पाहायला पन्नासहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

१९७१ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी 'फिंगर' नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. तेव्हा एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करत. आत्ता कोण कोण कामाला बसलंय ते सांगणारी आज्ञा होती, पण तिने येणारी यादी वाचणं जिकिरीचं असे. लोक पडद्यावर बोट टेकवून ओळीमागून ओळ खाली सरकत आणि हवा तो माणूस शोधत. त्या बोटावरूनच प्रोग्रामला नाव मिळालं. फिंगर माणसाचं पूर्ण नाव दाखवायचा, तो किती वेळ गप्प आहे ते दाखवायचा. सहकाऱ्यांना मात्र त्याहून जास्त सांगायचं होतं. मी कुठे गेलोय, कधी परत येईन, एवढं तरी. म्हणून 'प्लॅन' नावाची एक साधी मजकुराची फाइल जोडली गेली. तिच्यात जे लिहाल ते फिंगरच्या उत्तराखाली जसंच्या तसं उमटायचं.

वर यंत्राने भरलेले रकाने आणि खाली माणसाने लिहिलेलं : प्रोफाइलचा सांगाडा तिथेच तयार झाला होता. दुसऱ्या संगणकावरच्या माणसाची अशी चौकशी कशी करायची याचे नियम डिसेंबर १९७७ मध्ये आरएफसी ७४२ या नेटवर्कच्या नियमांच्या दस्तऐवजात आले, आणि प्लॅन फाइल जगभर पसरली. नव्वदच्या दशकात खेळांचे प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांची प्लॅन फाइल त्यांचे चाहते रोज उघडून पाहत. तिच्यात कामांची यादी असे. त्या दिवशी झालेल्या कामापुढे तारा (*), आणि आधी नोंदवलेली अडचण पुढे कधी सुटली की तिच्यापुढे अधिकचं चिन्ह. 'झालं' आणि 'उशिरा झालं' हे रकान्यांशिवाय, नुसत्या दोन खुणांनी सांगण्याची ही युक्ती मला फार आवडते, कारण ती कुठल्याही साइटने शिकवलेली नव्हती.

वेबवर प्रोफाइल आलं तेव्हा कोरा कागद गेला आणि छापील अर्ज आला. ओळखी जोडणाऱ्या साइटी आल्या : १९९७ चं सिक्सडिग्रीज, २००२ चं फ्रेंडस्टर, २००३ चं मायस्पेस, जानेवारी २००४ चं ऑर्कुट. आवडती पुस्तकं, आवडतं संगीत, आवडते चित्रपट असे रकाने या काळात रूढ झाले. रकान्याचं नाव साइटचं, आतला मजकूर आपला. आत काय लिहायचं यावर बंधन नसल्यामुळे लोकांनी मनसोक्त भरलं. कुणी चाळीस नावं स्वल्पविरामांनी जोडली, कुणी 'सांगायला बसलो तर रात्र होईल' एवढंच लिहिलं. ह्यूगो लिऊ या संशोधकाने मायस्पेसच्या सव्वा लाखाहून अधिक प्रोफाइलांतल्या अशा आवडी तपासल्या आणि २००७ साली मांडलं, की ही माहिती कमी आणि सादरीकरण जास्त आहे. कुणी त्यातून प्रतिष्ठा दाखवतो, कुणी वेगळेपण. त्याच वर्षी डॅना बॉइड आणि निकोल एलिसन या संशोधकांनी सोशल नेटवर्क साइटची जी व्याख्या केली तिच्या तीन अटींपैकी दोन याद्यांबद्दल आहेत : आपल्या ओळखीच्या सदस्यांची यादी मांडता यावी, आणि ती यादी व इतरांच्या याद्या पाहत पुढे फिरता यावं. यादी हा प्रोफाइलचा दागिना नव्हे, कणाच आहे, हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

स्वल्पविरामाचं एक वेगळंच प्रकरण लाइव्हजर्नल या ऑनलाइन रोजनिशीच्या साइटवर घडलं. १९९९ साली सुरू झालेल्या या साइटवर सदस्याने आवडीचे विषय स्वल्पविराम देऊन लिहिले की प्रत्येक शब्दाची लिंक व्हायची, आणि तिच्यावर क्लिक केलं की तोच शब्द लिहिणारे बाकीचे सदस्य समोर यायचे. शब्द ज्याचा त्याचा, पण तो दुसऱ्यांच्या शब्दांशी जुळला की रस्ता तयार. विचित्र आवड लिहिणाऱ्याला आपल्यासारखा आणखी एक जण जगात आहे हे त्या एका क्लिकमध्ये कळत असे.

फेसबुकने एप्रिल २०१० मध्ये उलट दिशेने पाऊल टाकलं. प्रोफाइलवर मोकळ्या मजकुरात लिहिलेल्या आवडीनिवडी साइटवरच्या त्या त्या विषयाच्या पानांशी जोडायच्या ठरल्या. सदस्याने लिहिलेल्या नावाला जुळणारं पान साइट सुचवायची. जोडणीला नकार दिला तर तो रकाना रिकामा. लेखकाचं नाव, गायकाचं नाव सहज जुळलं. 'बाबा दाढी करताना गुणगुणायचे ते गाणं' याला कुठलं पान जुळणार? यंत्राला मोजता येईल असं जे होतं ते टिकलं, बाकीचं गळालं. प्रोफाइलच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोठी हानी वाटते, आणि तिची चर्चा झाली ती बहुतेक खासगीपणाच्या अंगानेच.

खरी गुंतागुंत संग्रह मांडणाऱ्या साइटींवर आहे. तिथे 'यादी' हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. 'वाचलेली', 'वाचत असलेली', 'वाचायची' या खरं तर याद्या नाहीतच, त्या स्थिती आहेत. एक पुस्तक एका वेळी त्यांतल्या एकाच ठिकाणी असू शकतं. 'आजीला वाचून दाखवलेली' ही मात्र चिठ्ठी आहे. एकाच पुस्तकाला अशा दहा चिठ्ठ्या चिकटवता येतात. स्थिती आणि चिठ्ठी एकाच रांगेत, एकाच अक्षरात मांडल्या की गोंधळ ठरलेला. सदस्य सगळ्या याद्यांची बेरीज करतो, ती एकूण पुस्तकांपेक्षा जास्त भरते, आणि त्याला वाटतं साइटचं गणित चुकलं. गणित बरोबर असतं, मांडणी चुकलेली असते.

२००७ साली खुल्या झालेल्या गुडरीड्सने हा प्रश्न फडताळाच्या उपमेने सोडवायचा प्रयत्न केला. तीन फडताळं साइटची, एकमेकांना वगळणारी. बाकीची हवी तेवढी आपली, आणि त्यांत एकच पुस्तक अनेक ठिकाणी चालतं. अडचण झाली ती अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची. ते वाचलेलं नाही, वाचत असलेलं नाही, वाचायचंही नाही. तिथे एक चांगली सोय होती : आपण केलेलं फडताळही 'वगळणारं' आहे असं ठरवता येई. मग 'सोडून दिली' हे फडताळ वरच्या तिघांच्या बरोबरीचं व्हायचं आणि ते पुस्तक वाचलेल्यांत मोजलं जायचं नाही. चिठ्ठीला स्थितीचा दर्जा देता येणं ही छोटी गोष्ट नाही. साइटच्या शब्दांत न बसणारी अवस्था सदस्य स्वतः भाषेत आणू शकतो.

पुस्तकांच्याच दुसऱ्या साइटचा, २००५ च्या लायब्ररीथिंगचा प्रवास उलटा झाला. सुरुवातीला तिथे फक्त टॅग होते, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्याच. विकत घ्यायच्या पुस्तकांना 'हवी' असा टॅग लावला तरी ती आपल्या ग्रंथसंग्रहात मोजली जायची. घरात नसलेली पुस्तकं प्रोफाइलवरच्या आकड्यात दिसायची, आणि जे लोक या साइटवर आपल्या फडताळाची काटेकोर नोंद ठेवायला आले होते त्यांना ते खुपायचं. २००९ साली 'संग्रह' ही वेगळी सोय आली : आपला ग्रंथसंग्रह, हवी असलेली, वाचलेली पण स्वतःजवळ नसलेली वगैरे तयार संग्रह, शिवाय आपले नवे करायची मुभा.

बैठ्या खेळांच्या बोर्डगेमगीकने, २००० सालापासून सुरू असलेल्या या साइटने, स्थितीसुद्धा एकमेकींना वगळत नाहीत असं मानलं. खेळ माझ्याजवळ आहे आणि तो मला बदलीत द्यायचाय, या दोन्ही खुणा एकाच वेळी करता येतात, कारण संग्राहकांच्या जगात दोन्ही एकाच वेळी खरं असतं. तिथली 'हवे असलेले' ही तयार यादी पाच पायऱ्यांची आहे. पहिली पायरी 'हवाच' अशी, आणि पाचवी 'हा घेऊ नका'. हव्या असलेल्यांच्या यादीत नको असलेल्यांची जागा! भेट देणाऱ्या नातलगांसाठी याहून उपयोगी रकाना मी पाहिलेला नाही. तो सुचला असेल तर अशी नको ती भेट मिळालेल्या माणसालाच सुचला असेल.

जपानी ॲनिमेशनच्या मालिका पाहणाऱ्यांनी या बाबतीत सर्वांत बारीक विचार केला असं माझं मत आहे. मायॲनिमेलिस्टच्या पाच तयार याद्या (पाहतोय, पूर्ण, थांबवली, सोडली, पाहायची) या जगात व्याकरणासारख्या झाल्या आहेत. ॲनिलिस्टने त्यांच्या जोडीला स्वतःच्या याद्या दिल्या आणि प्रत्येक नोंदीजवळ एक छोटी चौकट ठेवली : 'स्थितीच्या याद्यांतून लपवा'. ती खूण केली की मालिका आपल्या यादीतच दिसते, साइटच्या यादीत नाही. पुन्हा पुन्हा पाहिलेले लघुपट कुणाला 'पूर्ण'च्या भल्यामोठ्या ढिगात नको असतील, तर ते वेगळे काढता येतात. एकच नोंद दोनदा दिसावी की एकदा, हे साइटने न ठरवता ज्याची यादी त्याच्यावर सोडलं.

याद्या माणसांच्या असल्या की प्रश्न नाजूक होतो. ट्विटरने ऑक्टोबर २००९ मध्ये सगळ्यांना याद्या दिल्या, एका सदस्याला २० आणि प्रत्येक यादीत ५०० खाती. २०१३ मध्ये ही मर्यादा १००० याद्या आणि ५००० खाती इतकी वाढली. आपल्याला किती याद्यांत घेतलंय हा आकडा सुरुवातीला प्रोफाइलवर दिसायचा, आणि त्या सार्वजनिक याद्यांची नावंही उघडून पाहता यायची. म्हणजे दुसऱ्याने निवडलेले शब्द आपल्या प्रोफाइलला येऊन चिकटत. काही शब्द गौरवाचे असत, काही सरळ शिवीगाळीचे. नको त्या यादीतून बाहेर पडायचं तर यादी करणाऱ्याला ब्लॉक करणं एवढाच मार्ग. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्विटरने यादीत घेतल्याची सूचना पाठवणं बंद करायचं ठरवलं. त्रास सोसणाऱ्या सदस्यांनी विचारलं, की सूचना न आल्याने यादी नाहीशी होणार आहे का? काही तासांत निर्णय मागे घेतला गेला.

२०११ चं गूगल प्लस इथे जास्त समंजस होतं. मित्र, कुटुंब, परिचित ही वर्तुळं तयार, बाकीची आपली. पण कुणी तुम्हाला कोणत्या वर्तुळात ठेवलंय हे तुम्हाला कधीच दिसत नसे. साइट एप्रिल २०१९ मध्ये बंद झाली. ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवरच्या याद्याही करणाऱ्यालाच दिसतात.

आपोआप भरणाऱ्या याद्या हळूहळू प्रोफाइलवरून मागे घेतल्या जात आहेत. यूट्यूबने डिसेंबर २०१९ मध्ये 'लाइक केलेले व्हिडिओ' ही यादी सगळ्यांचीच खासगी केली, आणि ट्विटरच्या नव्या अवताराने, एक्सने, जून २०२४ मध्ये लाइकची यादी इतरांना दिसणं बंद केलं. यात नवं काही नाही. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने नेलेल्या १४६ व्हिडिओ कॅसेटींची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली होती. तिच्यात गैर काहीही नव्हतं, तरी अशा नोंदी उघड होऊ नयेत म्हणून पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. सहज केलेल्या कृतींची नोंद आणि निगुतीने मांडलेली यादी यांत फरक आहे, आणि वाचणारा तो करत नाही.

निगुतीचं उत्तम उदाहरण म्हणजे २०११ साली आलेल्या लेटरबॉक्स्डवरचे चार चित्रपट. प्रोफाइलच्या माथ्यावर आवडत्या चार पोस्टरांची जागा असते. रकाना साइटचा, मर्यादाही साइटची, पण चारांत कोण आणि कोणत्या क्रमाने हे सर्वस्वी आपलं. हजारो चित्रपट पाहिलेला माणूसही चौथ्या जागेपाशी अडतो. आकडे त्याच पानावर असतात, पण नजर आधी पोस्टरांकडे जाते.

क्रमाची लढाई मात्र बहुतेक ठिकाणी अजून चालू आहे. स्वतः केलेल्या याद्या वर्णानुक्रमे लावणाऱ्या साइटींवर लोकांनी आपला उपाय शोधलाय. सर्वांत जवळची यादी वर यावी म्हणून तिच्या नावाआधी ते '०१' लिहितात, नाहीतर एक टिंब, नाहीतर वर्णमालेचं पहिलं अक्षर दोन-तीनदा. 'आजीला वाचून दाखवलेली' ही यादी मग 'अअअ-आजीला वाचून दाखवलेली' होते, आणि उरलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसते.