सहा वर्षांखालच्या मुलांची शाळा : बडोद्यातली पार्श्वभूमी

शिक्षणाचा विषय निघाला की बडोद्यातली मराठी घरे सयाजीरावांचे नाव अभिमानाने घेतात, आणि ते रास्तच आहे. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पण ही सक्ती सातव्या वर्षापासून होती. त्याआधीचे मूल घरच्यांच्या हवाली; आईबाप मजुरीला गेले की थोरल्या बहिणीच्या कडेवर.

ही पोकळी भरायला सरकार नव्हे, शिक्षक पुढे आले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. तिथे ताराबाई मोडक आल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मात्र तिथल्या माँटेसरी पद्धतीची, म्हणजे मुलाने हाताळून स्वतः शिकण्याची, साधने महाग. ती गरिबाला परवडणार कशी? १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन ताराबाईंनी, अनुताई वाघांच्या साथीने, बिया, खडे, शिंपले अशा गावातल्याच वस्तूंची साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. बालशिक्षण स्वस्त करण्याचा इतका सरळ विचार मला दुसरीकडे दिसत नाही.

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेने चेतन बालवाडी चालवून शिक्षिका घडवल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ विकासगटांत (ब्लॉक) सुरू झाली, त्यात तेव्हाच्या बडोदा जिल्ह्यातला छोटा उदेपूर होता. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शिकवणे, सगळे एकाच अंगणवाडीताईवर आले. शिकवणे मागे पडले ते तिच्या दोषाने नव्हे.

कायद्याने हा वयोगट पुन्हा बाहेरच ठेवला. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला हक्क दिला. सहाखालच्यांसाठी राज्याने फक्त 'प्रयत्न' करायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले अकरावे कलमही पूर्वप्राथमिकची सोय सरकारच्या मर्जीवर सोडते. तरी २०२२ मध्ये दाहोदच्या अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क देताना सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला : अंगणवाडीत शिक्षण होते, हे तिथे मान्य झाले.

२०२३ पासून गुजरातच्या सरकारी शाळांत पाच वर्षांच्यांसाठी बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र आजही अंगणवाडी, नाहीतर फी भरून खासगी नर्सरी.