साबण लावून डोळे मिटले की बेसिन का धरावं लागतं?

सत्तरीच्या माणसाला तोंड धुताना जरा लक्ष देऊन बघा. साबण लावून डोळे मिटले की एक हात आपोआप बेसिनच्या कडेला जातो. रात्री लाइट गेली की तोच माणूस भिंतीच्या आधाराने चालू लागतो. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' मला हे उत्तर पटत नाही. एकदा ते दिलं की कोणी पुढची चौकशीच करत नाही, आणि कारणं तर बहुतेकदा सापडण्यासारखी असतात.

सरळ उभं राहण्यासाठी मेंदूला तिन्हीकडून खबर लागते. एक डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आतल्या भागातून: तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळलं ते सांगतात, आणि शेजारच्या दोन पिशव्यांमधले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे डोकं कुठे झुकलं ते सांगतात. तिसरी तळपाय, घोटे आणि स्नायूंकडून. एक बाजू कमजोर झाली तर उरलेल्या दोन तिचं काम निभावून नेतात. म्हणूनच डोळे मिटल्याबरोबर तोल जात असेल, तर पायांकडून येणारी खबर कमी पडत असावी अशी पहिली शंका घ्यायची. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची डॉक्टरांची तपासणी याच तत्त्वावर चालते. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ती ओळखली जाते. घरी करून बघायची असेल तर शेजारी कोणीतरी हवंच.

पायांची खबर कमी होण्यामागे नेहमी आढळणारं कारण म्हणजे जुना मधुमेह. दुसरं, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शुद्ध शाकाहारी घरांत ती बरीच दिसते आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. साध्या रक्ततपासणीत ती कळते. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून तळपाय बधिर वाटतात, चप्पल कधी निसटली ते कळत नाही, असं कोणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

अंथरुणात कुशीवर वळताना खोली गरकन फिरते आणि मिनिटभरात थांबते, ही तक्रार वेगळी. यात कानातले ते खडे जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर आणता येतात. अमेरिकी डॉक्टर जॉन एपली यांनी रूढ केलेली ही क्रिया जेमतेम काही मिनिटांची आहे, आणि बऱ्याच जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. तरीही लोक महिनोन्‌महिने चक्करची गोळी घेत राहतात, याचं मला वाईट वाटतं. अशा काही गोळ्यांनी सुस्ती येते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

आपल्या नागपूरच्या मे महिन्याचं एक वेगळंच प्रकरण आहे. पारा पंचेचाळीसच्या वर, घामाने अंगातलं पाणी गेलेलं, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून आजी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. बीपीची गोळी मात्र हिवाळ्यात होती तेवढीच. पहाटे कूलरसमोरून ताडकन उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा बीपी २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर तो दोष धरला जातो. पण बीपी बहुधा बसवूनच मोजतात. डॉक्टरांना सांगा, आधी झोपवून आणि मग उभं करून मोजा. गोळी मनाने बंद करायची नाही. उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, आणि कूलरचं सांडलेलं पाणी लगेच पुसायचं.

वयाचा खरा वाटा स्नायूंत दिसतो. झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात. सिमेंट रोडच्या उंच काठाला पाय अडला, तर सावरायला पुढचं पाऊल क्षणात पडावं लागतं, आणि तेच उशिरा पडतं.

'मी रोज फुटाळा तलावावर फिरतो ना,' असं काकाजी म्हणतात. फिरणं हृदयाला उत्तम. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. तोलाला थोडं आव्हान देणाऱ्या व्यायामांनी मात्र ते कमी होतं. न्यूझीलंडचा ओटागो व्यायामक्रम त्यासाठीच बनवला आहे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचेला अंगठा लावत चालणं, एका पायावर उभं राहणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं, असे त्यातले प्रकार. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावेत आणि आठवड्यातून तीनदा करावेत.

अचानक तोल गेला आणि सोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर यातलं काहीच करत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.