सहा मुलांमागे एक शिक्षक

'एका शाळेत सहा मुलांमागे एक शिक्षक आहे. मुलांच्या संख्येसाठी म आणि शिक्षकांच्या संख्येसाठी श घेऊन समीकरण लिहा.'

पुढं वाचण्याआधी कागदावर लिहून बघा. पटकन '6म = श' लिहून मोकळे झाला असाल तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या पंगतीला भरपूर लोक आहेत. 1980च्या सुमारास जॉन क्लेमंट या संशोधकानं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या 150 विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता. 37 टक्के चुकले, आणि चुकलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांची चूक एकच होती: समीकरण उलटं.

क्लेमंटचा प्रश्न इंग्रजीत, विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या संख्येवर होता; त्यात आधी सहापट, मग विद्यार्थी, मग प्राध्यापक असा क्रम होता. त्याच क्रमानं चिन्हं मांडली की समीकरण उलटं पडतं. मराठीत मात्र 'शिक्षकांच्या सहापट मुलं' म्हटलं, तर शब्दांच्या मागोमाग आंधळेपणानं गेलेलं पोरही बरोबर उत्तराला पोचतं: श, गुणिले 6, बरोबर म. व्याकरणाची फुकटची मदत! पण 'सहा मुलांमागे एक शिक्षक' म्हणा, की तीच मराठी खड्ड्यात घालते. अर्थात सगळा दोष शब्दांच्या क्रमाचा नाही. क्लेमंटनं विद्यार्थ्यांना बोलतं केलं तेव्हा दिसलं, की काहींच्या डोळ्यांपुढं एका बाजूला सहा विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक असं चित्र उभं असतं आणि ते चित्रच कागदावर उतरतं. त्यांच्या लेखी समीकरणातलं अक्षर ही संख्या नसतेच, ती असते नुसती नावाची पाटी.

हे कळलं ते बोलतं केल्यामुळं. नुसता कागद तपासला असता तर लाल फुली मारून विषय संपला असता.

सोडवताना डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायला लावायचं, ही युक्ती तशी जुनी. बी.एड.ला ज्यांची शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी घोकावी लागते त्या बेंजामिन ब्लूम यांनी लोइस ब्रोडर यांच्यासोबत शिकागो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर ती वापरली. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की मागं पडणारे विद्यार्थी सूचना नीट वाचत नाहीत, ओळखीचा शब्द दिसला की त्याच्यावर झडप घालतात आणि अंदाजानं उत्तर ठोकून देतात. पुढं 1970च्या दशकात आर्थर व्हिंबी आणि जॅक लॉकहेड यांनी या प्रयोगात आणखी एक माणूस आणून बसवला, तो म्हणजे ऐकणारा. माझ्या मते खरी गंमत तिथून सुरू होते.

दोघं एका बाकावर. एकानं सोडवायचं आणि मनात येईल ते सगळं बोलत राहायचं, अगदी 'थांब, परत वाचते' हेसुद्धा. दुसऱ्यानं ऐकायचं. त्यानं स्वतः गणित सोडवायचं नाही, पेन हातात घ्यायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही. बोलणारा गप्प झाला की 'आता काय चाललंय?' एखादी पायरी गळली की 'हे कुठून आलं?' आणि आपल्याला कळत नसेल तर बोलणाऱ्याला थांबवायचं, पुढं जाऊ द्यायचं नाही. चूक दिसली तर 'इथं बघ' एवढंच म्हणायचं, दुरुस्ती करायची नाही. पुढच्या गणिताला जागा बदलायच्या.

वाचायला सोपं वाटतं. नववीच्या दोन मुलींना बसवून बघितलं. पहिलीनं वरचाच प्रश्न घेतला.

"सहा मुलांमागे एक शिक्षक. म्हणजे सहा म बरोबर श. झालं!"

"म म्हणजे काय?"

"मुलं."

"मुलं, की मुलांची संख्या?"

"तेच ना गं!"

"बरं. शिक्षक दहा असले तर मुलं किती?"

"साठ."

"मग तुझ्या समीकरणात घालून दाखव."

पहिलीनं साठाला सहानं गुणलं. 360 बरोबर 10. बराच वेळ पेन कागदावर टेकलेलं राहिलं. दुसरीची जीभ ओठांवर आलेली मला दिसत होती, पण तिनं उत्तर सांगितलं नाही. तिचं कौतुक मला त्या समीकरणापेक्षा जास्त वाटलं.

असं ऐकायला कान प्रत्ययांकडे लागतो. मराठीत गणिताची मेख बहुधा तिथंच असते. '12ला 3ने भागा' आणि '12ने 3ला भागा', 'पाचपट' आणि 'पाचने जास्त'. एवढुसा 'ला' हुकला की अख्खं उदाहरण फिरतं.

मोठ्यानं समजावून सांगण्याचा फायदा बोलणाऱ्यालाही होतो. मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची यांच्या गटानं 1994 साली आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा धडा वाचायला दिला. प्रत्येक वाक्यानंतर 'याचा अर्थ काय, तुझ्या शब्दांत सांग' असं ज्यांना म्हटलं, त्यांना तो धडा नुसता दोनदा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त समजला. ऐकणारा जोडीदार 'हे कुठून आलं?' विचारतो तेव्हा तो हेच करायला लावत असतो.

अडचण आहे ती आपल्या शब्दातच. 'पोरगं ऐकत नाही' म्हणजे त्याच्या कानात दोष असतो थोडाच. ते सांगितलेलं करत नाही. घरीदारी 'ऐक'चा अर्थ 'मान' असाच झालेला. त्यामुळं ऐकणाऱ्यानं शंका काढायची असते, हे मुलांना आधी उद्धटपणाच वाटतो. मोठ्यांसमोर तर तोंड उघडतच नाही. म्हणून बाकावर शेजारी बरोबरीचं कुणी असलेलं बरं. त्यात वयाचाही भाग असावा. स्टॅनफर्डमधल्या डॅनियल एब्रम्स यांच्या गटानं 2022 साली 7 ते 16 वर्षांच्या मुलांचे मेंदू स्कॅनमध्ये पाहिले. लहान मुलांच्या मेंदूतली आनंदाशी जोडलेली केंद्रं आईच्या आवाजाला जास्त दाद देत होती, तर तेराव्या वर्षाच्या आसपास हा कल अनोळखी आवाजांकडे झुकलेला दिसला. 'किती वेळा हाक मारू?' म्हणणाऱ्या आयांना यातून थोडा दिलासा मिळावा.

तर, दोघींनी जागा बदलल्या. दुसरा प्रश्न: 'एका हॉटेलात चहा घेणाऱ्या दर चार जणांमागे कॉफी घेणारे पाच जण असतात.' क्लेमंटनं याच धर्तीचा प्रश्न घातला तेव्हा भावी इंजिनिअरांपैकी 73 टक्के आडवे झाले होते. मघाशी इतकं नेमकं विचारणारी मुलगी आता बोलू लागली, "चहावाले च, कॉफीवाले क. चार च बरोबर पाच क."

पहिलीनं पेन बाजूला ठेवलं, दोन्ही कोपर बाकावर टेकवले आणि हसू दाबत विचारलं, "च म्हणजे काय गं?"