मन आत, समाज बाहेर? एवढं सोपं नाहीये ते

सायकोसोशल स्टडीज म्हणजे मन आणि समाज एकत्र धरून केलेला अभ्यास, आणि तो कशासाठी हे कळायला आधी एक प्रश्न. नोकरी गेलेला माणूस घरी बसलाय, हाताशी वेळच वेळ, तर त्याचं वाचन वाढेल की कमी होईल? वाढेल असंच वाटतं ना. १९२९-३० च्या सुमाराला ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली, जवळपास अख्खं गाव बेकार झालं, आणि नंतर तिथे अभ्यासाला गेलेल्या टीमला वाचनालयाच्या नोंदींत भलतंच दिसलं. वाचनालयाने फी माफ केली होती तरी पुस्तकं नेणं चांगलंच घटलं होतं.

मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायसेल यांची ही टीम. यांनी नुसते फॉर्म वाटले नाहीत, खिडकीआड घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला, त्यात पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे, परत चालायचे, बायका मात्र भराभर जायच्या कारण त्यांचा स्वयंपाक, धुणी, मुलं यातलं काहीच बंद पडलं नव्हतं. दिवसभर काय केलं ते तासातासाने लिहा म्हटलं तर पुरुषांना उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे फारसं काही आठवायचंच नाही. घाई करायला कारणच उरलं नव्हतं.

आता हे मानसशास्त्र की समाजशास्त्र? खिन्नतेची टेस्ट घेतली असती तर स्कोअर मिळाला असता, बेकारीचा आकडा काढला असता तर टक्केवारी मिळाली असती, पण पाय का मंदावले ते दोन्हीत कुठेच सापडलं नसतं. सायकोसोशल स्टडीजचा जो पदव्युत्तर अभ्यास आहे (लंडनच्या बर्कबेक कॉलेजमध्ये या नावाने विभागच निघाला) तो नेमका इथेच हात घालतो. थोडं मानसशास्त्र थोडी सोशल थिअरी असं अर्धं अर्धं मिसळून चालत नाही, आधी या दोन गोष्टी वेगळ्या केल्याच कुणी असं विचारायला लागतं. तसं फ्रॉइडनेही १९२१ मध्ये म्हटलंच होतं की एकेकट्या माणसाचं मानसशास्त्र हे मुळातच सामाजिकही असतं, नंतर विद्यापीठांनी दोन वेगळ्या इमारती बांधल्या ती गोष्ट वेगळी.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण फ्रांत्झ फॅनन. हा मानसोपचारतज्ज्ञ १९५३ मध्ये फ्रेंच राजवटीखालच्या अल्जेरियात ब्लिदाच्या मनोरुग्णालयात गेला आणि त्याने वॉर्डात समूहोपचार सुरू केले, म्हणजे एकत्र सिनेमा, रुग्णांचं छोटं वर्तमानपत्र, पार्ट्या, विणकाम वगैरे. युरोपियन बायकांच्या वॉर्डात हे मस्त चाललं. मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात साफ फसलं, कुणी येईना, आलं तरी नुसतं गप्प बसायचं, भाग घेईना. त्या काळच्या वसाहतीतल्या डॉक्टरांकडे याचं उत्तर तयारच होतं, यांचा मेंदूच तसला. फॅनन आणि त्याचा सहकारी जाक अझुले यांनी मात्र उपचारच उलटून तपासले आणि लक्षात आलं की युरोपियन माणसाचं जगणं हेच माणसाचं जगणं असं धरून सगळं आखलंय, टोपल्या विणणं तर त्या पुरुषांच्या दृष्टीने बायकांचं काम! मग वॉर्डात त्यांच्या पद्धतीचा कॅफे उघडला, मुस्लिम सण साजरे झाले, गोष्टी सांगणारा माणूस बोलावला, आणि लोक हळूहळू यायला लागले.

नुसतं कौतुक नको म्हणून दुसरी बाजू पण सांगते. १९५० मध्ये जर्मन विचारवंत अडोर्नो आणि इतरांनी हुकूमशाहीकडे झुकणारं व्यक्तिमत्त्व मोजायला एफ-स्केल काढली, म्हणजे काही विधानं द्यायची आणि ती किती पटतात ते विचारायचं. तिच्यातली विधानं सगळी एकाच दिशेची, त्यामुळे कशालाही हो म्हणायची सवय असलेला माणूसही तिच्यात हुकूमशाहीवादी निघू शकतो. कल्पना भारी आणि मोजपट्टी वाकडी, या क्षेत्रात हे बऱ्याचदा होतं.

म्हणून सायकोसोशलमध्ये एमए करणाऱ्यांचा बराच वेळ मुलाखत कशी घ्यायची यात जातो. वेंडी हॉलवे आणि टोनी जेफरसन या ब्रिटिश संशोधकांनी गुन्ह्याच्या भीतीवर काम करताना वापरलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. तिच्यात ‘का’ विचारायचं टाळतात, कारण का विचारलं की माणूस पेपरात वाचलेलं छापील उत्तर देतो. त्याऐवजी एखादा प्रसंग सांगा म्हणायचं, त्याचेच शब्द धरून त्याच क्रमाने पुढे जायचं, आणि तो कुठे अडखळला, कुठे विषय बदलला तेही टिपायचं. ऐकायला सोपं वाटतं पण समोरचा गप्प झाला की आपणच घाबरून बोलायला लागतो. शिवाय मुलाखत घेणाऱ्याची जात-वर्ग-लिंग, त्याची स्वतःची चिडचिड, हे सगळं पण डेटाच धरायचं असतं, मला हे पटतं, काही जणांना हे अती वाटतं.

अजून एक, हे प्रवेश घेण्याआधीच माहीत असलेलं बरं. नुसत्या अशा डिग्रीवर सहसा थेरपिस्ट होता येत नाही, त्यासाठी वेगळं क्लिनिकल ट्रेनिंग आणि रजिस्ट्रेशन लागतं. हा रिसर्चचा, शिकवण्याचा, सामाजिक कामाचा रस्ता, किंवा आधीच समुपदेशक-नर्स-शिक्षक असलेल्यांनी आपल्याच कामाकडे वेगळ्या नजरेने बघण्याचा, आणि वर्गात ते लोक असले की चर्चा जास्त रंगते.