चूक वेगळी, भूल वेगळी: इंग्रजी शिकवताना लाल पेन उचलण्याआधी

'चूकभूल द्यावी घ्यावी' असं आपण हिशेबाच्या शेवटी सहज लिहून टाकतो. चूक आणि भूल हे शब्द जोडूनच बोलायची इतकी सवय झालेली असते की त्यांच्यात काही फरक असेल असं मनातही येत नाही. रोजच्या मराठीत तसा तो फारसा नाहीही. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांना ती शिकवायला उभं राहिलं की या जोडशब्दाची फोड करावीच लागते. अध्यापनाच्या परिभाषेत या दोघींना 'एरर' आणि 'मिस्टेक' म्हणतात, आणि गंमत अशी की रोज इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसालाही हे दोन शब्द सारखेच वाटतात. इथे मी एररला चूक म्हणणार आहे आणि मिस्टेकला भूल. (शस्त्रक्रियेआधी देतात ती भूल नव्हे, जरी लांबलेल्या व्याकरणाच्या तासाला तसाच परिणाम होत असला तरी.)

आधी एका विद्यार्थिनीच्या वहीतली चार वाक्यं बघा. 'माय सिस्टर वर्क्स इन अ बँक. शी गोज बाय ट्रेन अँड रीड ऑन द वे. इन द इव्हिनिंग वी डिस्कस अबाउट एव्हरीथिंग. यस्टरडे वी डिस्कस्ड अबाउट अ न्यू जॉब.' लाल पेन घेऊन बसलेला शिक्षक इथे तीन ठिकाणी खुणा करेल: 'रीड'ला 'एस' नाही, आणि 'डिस्कस'नंतर दोनदा 'अबाउट' आलंय. तिन्ही खुणा सारख्याच दिसतील, पण गोष्टी दोन आहेत. हिला 'एस'चा नियम माहीत आहे. 'वर्क्स' आणि 'गोज' तिने बरोबर लिहिलंय. 'अँड'पुढे लिहिताना तेवढं निसटलं. ही भूल. 'डिस्कस अबाउट'चं तसं नाही. ते दोन्ही वेळा आलंय, काळ बदलला तरी आलंय. तिच्या डोक्यातल्या इंग्रजीत 'डिस्कस'ला 'अबाउट' लागतंच. ही चूक. म्हणजे तिच्या नियमाने ते बरोबरच आहे, फक्त तो नियम इंग्रजीचा नाही.

हा फरक ठळकपणे मांडला तो एस. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी, १९६७ साली. भाषेचं ज्ञान वेगळं आणि प्रत्यक्ष बोलण्या-लिहिण्यात ते उतरणं वेगळं, ही नोम चॉम्स्की यांची मांडणी तेव्हा ताजी होती. कॉर्डर यांनी ती शिकणाऱ्याला लावली. दमणूक, घाई, घबराट, लक्ष उडणं यांमुळे जे बिघडतं ती भूल. ज्ञानातच जे वेगळं बसलंय ती चूक. त्याआधीच्या शिक्षणपद्धतीत चुकीकडे वाईट सवय म्हणून बघत. ती लागूच द्यायची नाही, लागली तर घोकून घोकून मोडायची. रॉबर्ट लॅडो यांच्या १९५७ मधल्या मांडणीनंतर मातृभाषा आणि इंग्रजी शेजारी ठेवून चुका कुठे होतील याचा आधीच अंदाज बांधण्यावर भर होता. कॉर्डर म्हणाले, चूक हा पुरावा आहे. शिकणारा भाषेबद्दल काय समजून बसलाय ते शिक्षकाला त्यातूनच कळतं. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या समजुतींच्या संचाला 'इंटरलँग्वेज' हे नाव रूढ केलं: मातृभाषाही नाही, इंग्रजीही नाही, दोहोंच्या मधली, पण स्वतःचे नियम असलेली भाषा.

'डिस्कस अबाउट'च घ्या. मराठी बोलणाऱ्याने असं म्हटलं की आपण लगेच म्हणतो, हे 'त्याबद्दल चर्चा केली'चं भाषांतर. असेलही. पण ज्यांच्या मातृभाषेचा मराठीशी काही संबंध नाही तेही हेच म्हणतात, कारण 'टॉक अबाउट', 'स्पीक अबाउट', 'थिंक अबाउट' ही रांग इंग्रजीतच उभी आहे. त्या रांगेत 'डिस्कस'ला बसवणं हा आळस नाही, तर्क आहे. प्रत्येक चुकीचं खापर मातृभाषेवर फोडायची आपल्याला फार सवय आहे.

मग समोरच्या वाक्यात चूक आहे की भूल, हे ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे काही न सांगता बोट ठेवायचं आणि थांबायचं. ज्याची भूल झालीय तो 'अरेच्चा' म्हणून स्वतः दुरुस्त करतो. ज्याची चूक आहे तो तुमच्या तोंडाकडे बघतो, मग वाक्याकडे, मग परत तुमच्याकडे. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. दोन सेकंदांत उत्तर सांगून टाकणारा शिक्षक स्वतःचीच कसोटी बुडवतो. अर्थात कसोटीही फसते. 'इज'वर बोट ठेवलं तर विद्यार्थी 'आर' म्हणणारच, दुसरं आहेच काय? तिथे सुधारणा होते, ज्ञानाचा पत्ता लागत नाही. म्हणून मी पाठोपाठ आणखी एक नवं वाक्य करायला सांगते.

दुसरी कसोटी वारंवारतेची: एकदा झाली तर भूल, सतत झाली तर चूक. ही बरीचशी चालते, पण मँडरिन बोलणाऱ्यांपुढे तिने हात टेकलेले मी पाहिलेत. त्या भाषेत बोलताना 'तो' आणि 'ती' यांचा उच्चार एकच आहे, फरक फक्त लिहिताना दिसतो. त्यामुळे इंग्रजी उत्तम येणारी माणसंही भराभर बोलताना स्वतःच्या आईला इंग्रजी 'ही' (म्हणजे 'तो') म्हणतात. त्यांना 'ही' आणि 'शी' यांतला फरक समजावून सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे सांगणं. नियम पक्का आहे, बोलण्याच्या वेगात तो हाताशी येत नाही. म्हणजे वारंवार होणारी, तरीही भूलच.

याच्या उलट अनुभव मला 'डिडन्ट वेन्ट'ने दिला. शिकवायला लागले त्या वर्षीची गोष्ट. एका विद्यार्थ्याच्या वहीत मी पानोपानी 'वेन्ट' खोडून वर 'गो' लिहिलं. त्याने सगळी वाक्यं सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून आणली. पुढच्या आठवड्यात निबंधात पहिलंच वाक्य: 'आय डिडन्ट स्लेप्ट.' मी चुकीवर भुलेचा इलाज केला होता. खुणा केल्या, पण त्याचा नियम काय हे विचारलंच नाही. त्याचा नियम असा होता की गोष्ट कालची असेल तर वाक्यातल्या प्रत्येक क्रियापदावर कालचा शिक्का हवा. खरं तर तो पुढे सरकला होता. आधी 'आय नो गो' म्हणायचा. आता 'डिड' आलं, 'वेन्ट' आणि 'स्लेप्ट'सारखी अनियमित रूपंही आली, फक्त शिक्का दोनदा बसत होता. तो एकदाच बसतो आणि 'डिड'ने तो आधीच घेतलाय, हे दाखवायला फळ्यावर पाच मिनिटं पुरली असती. ती मी दिली नव्हती.

आणि पुढे कधीतरी नेमकं उलटंही केलं. एका बाईंनी दिवसाच्या शेवटच्या तासाला 'पीपल इज' म्हटलं, आणि मी 'पीपल' अनेकवचनी कसं यावर व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'आय नो. आय ॲम टायर्ड.'

दुरुस्तीच्या पद्धतींचं यश-अपयशही या फरकावर बरंच अवलंबून असतं, असं माझं मत आहे. वर्गात शिक्षक सर्वांत जास्त काय करतात? विद्यार्थी 'शी गो येस्टरडे' म्हणाला की 'ओह, शी वेन्ट येस्टरडे' असं सहज बरोबर करून पुढे जातात. याला 'रीकास्ट' म्हणतात. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांनी दिलेल्या प्रतिसादांपैकी ५५ टक्के रीकास्ट होते, पण त्यांतल्या ३१ टक्क्यांनाच विद्यार्थ्यांकडून काही प्रतिक्रिया मिळाली. तिथली भाषा फ्रेंच होती हे खरं, पण इंग्रजीच्या वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. विद्यार्थ्याला वाटतं, शिक्षक माझं म्हणणं ऐकतायत, होकार देतायत. ज्याला फरक आधीच माहीत आहे त्याला रीकास्ट हा इशारा पुरतो. ज्याला माहीत नाही त्याला तो इशारा म्हणून ऐकूच येत नाही.

आता थोडं अवघड. 'शी गो'मधला हरवलेला 'एस' नेहमीच वरच्या वहीइतका सरळ नसतो. परीक्षेत नियम विचारा, विद्यार्थी झोपेतही सांगेल. रिकाम्या जागा भरायला द्या, सगळ्या बरोबर. बोलायला लावा, एकही 'एस' नाही. ही चूक म्हणायची की भूल? स्टीफन क्रॅशन यांच्या मते शिकलेला नियम वापरायला वेळ लागतो, रूपाकडे लक्ष लागतं आणि नियम ठाऊक असावा लागतो. गप्पांमध्ये पहिल्या दोन गोष्टी मिळत नाहीत. त्यांची सगळी मांडणी मला पटत नाही, पण हे निरीक्षण पटतं. शिवाय हा 'एस' मुळातच उशिरा येतो. रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं नोंदवलं, तेव्हा क्रियापदाला लागणारा हा 'एस' 'आयएनजी'च्या बराच मागून आला. हायडी ड्युले आणि मरिना बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांचं इंग्रजी तपासलं, तर मातृभाषा इतक्या वेगळ्या असूनही प्रत्यय आत्मसात होण्याचा क्रम बराचसा सारखाच निघाला. मी अशा 'एस'ला अर्धवट मुरलेलं म्हणते. लोणच्यासारखं: फोड आहे, मसाला आहे, पण वेळ गेलेला नाही. रोज बरणी उघडून ढवळत बसण्यात अर्थ नसतो.

दिसायला बरोबर असलेली वाक्यं मात्र मला जास्त धास्ती देतात. 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो.' व्याकरण निर्दोष. पण बोलणाऱ्याला म्हणायचं होतं, 'उद्या यायची गरज नाही', आणि ऐकणाऱ्याला कळलं, 'उद्या अजिबात येऊ नकोस.' ही शुद्ध चूक आहे, आणि लाल पेनाला ती कधीच सापडत नाही. ती सापडते ती फक्त 'तुला काय म्हणायचंय?' असं विचारणाऱ्याला.

त्याहून लबाड प्रकार म्हणजे टाळणं. १९७४ मध्ये जॅकलिन शॅक्टर यांनी 'हू', 'विच', 'दॅट' लावून जोडलेली उपवाक्यं निबंधांमधून मोजली. फारसी बोलणाऱ्यांच्या निबंधांत ती १७४ होती आणि त्यांतली ४३ चुकलेली. जपानी बोलणाऱ्यांच्या निबंधांत अवघी ६३, आणि चुकलेली ५. फक्त चुका मोजल्या असत्या तर जपानी विद्यार्थ्यांना ही रचना छान येते असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात ते तिच्या वाटेलाच फारसे जात नव्हते. जपानी आणि चिनी भाषांत असं उपवाक्य नामाच्या आधी येतं, इंग्रजीत नंतर. त्यामुळे ही रचना त्यांना उलटी वाटते. हे वाचल्यापासून स्वच्छ वही बघितली की मला जरा शंकाच येते.

आता मी वहीत भुलेसाठी समासात फक्त एक टिंब देते. ओळ कुठली ते कळतं, शब्द त्याने शोधायचा. चुकीला खूण करत नाही. ती वेगळ्या कागदावर टिपून ठेवते आणि तिचा तास करते. 'म्हणजे चूक तशीच सोडली?' असं पालक विचारतात. त्यांना वहीत लाल दिसलं की शिकवलं असं वाटतं, आणि टिंबांची किंमत पटवून देणं हे शिकवण्याहून अवघड काम आहे.

बँकेतल्या बहिणीबद्दल लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या वहीत 'रीड'च्या ओळीसमोर टिंब दिलं. तिने काही न बोलता 'एस' लावला. 'डिस्कस'साठी पुढच्या तासाला फळ्यावर दोन रांगा लिहिल्या. एकीकडे 'टॉक अबाउट', 'थिंक अबाउट', 'आर्ग्यू अबाउट'. दुसरीकडे नुसतेच 'डिस्कस', 'मेन्शन'. दुसऱ्या रांगेतली क्रियापदं विषयाला थेट हात घालतात, मध्ये कुणी लागत नाही, एवढंच सांगितलं. ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'पण परवाच्या धड्यात "अ डिस्कशन अबाउट मनी" होतं ना?'

होतं, आणि ते बरोबरही आहे. नाम झालं की 'अबाउट' चालतं. ती मराठीतून काहीच उचलत नव्हती. धड्यातलं बरोबर इंग्रजी वाचून तिने तिचा नियम बांधला होता. मी फळ्यावर तिसरी रांग आखली आणि वर लिहिलं: 'डिस्कशन'.