आधी अध्यक्षीय भाषण: थोर अल्बमच्या फिक्या सुरुवातीमागचा इतिहास

फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली अंतराळात गेला, हे गोव्यात बहुतेकांना ठाऊक असतं. (गोव्यात केरी तीन. एक पेडण्यात, एक सत्तरीत, ही फोंड्याची.) पणजीत त्यांच्या नावाचा संगीत समारोह भरला की कुणी ना कुणी त्या सोनेरी तबकडीचा उल्लेख करतोच. ती तबकडी सुरू कशी होते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या त्या तबकडीचा ऐकायचा भाग सुरू होतो तो कुर्ट वाल्डहाइम यांच्या भाषणाने. ते तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. सपाट आवाज, सरकारी इंग्रजी, शुभेच्छांची ठरीव वाक्यं. पुढे १९८६ साली ते ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात असतानाचा त्यांचा लपवलेला काळ बाहेर आला आणि मोठा गदारोळ झाला. तबकडी तोवर कैक कोटी किलोमीटर पुढे निघून गेली होती. भाषणानंतर ५५ भाषांतली अभिवादनं येतात, त्यांत आपली मराठीही आहे. मग देवमाशांचे आवाज, पाऊस, गडगडाट, आणि त्यानंतर कुठे संगीत. जर्मन संगीतकार बाखपासून सुरुवात, एकूण २७ रचना, सुमारे दीड तास. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, शेवटून तिसरी आहे. जेमतेम साडेतीन मिनिटांची. मैफलीत भैरवी कुठे येते हे माहीत असलेल्या माणसाला ती जागा ऐकताक्षणी पटते. पहिली जागा मात्र सरचिटणीसपदाला गेली.

थोर अल्बम आणि त्याचं पहिलंच गाणं फिकं, ही तक्रार रेकॉर्ड ऐकणाऱ्यांत जुनी आहे. ‘एवढ्या मोठ्या माणसाला हे कळलं कसं नाही?’ असा तिचा सूर असतो. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा कळलेलं असतं. पहिली जागा मुळात गुणांवर मिळतच नाही. ती कधी बाजार ठरवतो, कधी यंत्र, कधी रीत, तर कधी खुर्ची.

सुरुवात अल्बम या शब्दापासून करायला हवी. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. लांबलचक काही विकायचं तर पाच-सहा तबकड्या लागायच्या, आणि त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून दिल्या जायच्या. अल्बम म्हणजे ती वही. एका बाजूला एकच चीज असल्यामुळे तिथे ‘पहिलं गाणं’ असा प्रश्नच नव्हता. केसरबाईंच्या जुन्या तबकड्या ऐका. दाराशी रेंगाळणं नाही, प्रस्तावना नाही. पहिल्याच श्वासाला त्या रागाच्या ओसरीवरून थेट माजघरात पोचलेल्या असतात. तीन मिनिटांच्या त्या कैदेबद्दल पुष्कळ हळहळून झालं आहे. पण त्या कैदेत फिकी सुरुवात परवडत नव्हती, हेही खरं.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आता पाच-सहा गाणी एका रांगेत बसू लागली आणि रांग आली की मानपान आलाच.

यात यंत्राचं एक गणित आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. बारा इंची एलपीच्या बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सुईखालून जाते. लेबलाजवळ पोचेपर्यंत ते अंतर २१ सेंटिमीटरवर येतं. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. त्यामुळे आत आत जाताना झांजा, तारस्वर आणि ‘स’कार फाटू लागतात. म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ सांगायचे, दणदणीत गाणं बाहेर घ्या, शांत गाणं आत. म्हणजे बाजूवरची सगळ्यात स्वच्छ जागा सगळ्यात चांगल्या गाण्याला नव्हे, सगळ्यात गोंगाटाच्या गाण्याला मिळायची. हळवं, बारीक कामाचं गाणं कितीही थोर असलं तरी ते आतल्या अंगाला. शिवाय बाहेरची कड म्हणजे बोटांची, धुळीची आणि अंदाजाने टाकलेल्या सुईची जागा. पहिल्या गाण्याला ओरखडे पहिले.

बाजाराचा नियम याहून सरळ होता. बीटल्स या ब्रिटिश गटाचे निर्माते जॉर्ज मार्टिन म्हणायचे की पहिली बाजू जोरकस हवी, कारण उघड उघड धंद्याचं आहे; कमजोर माल बाजूच्या उत्तरार्धात ठेवायचा आणि बाजू संपवताना पुन्हा दणका द्यायचा. १९६३ च्या बीटल्सच्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीला ‘वन, टू, थ्री, फोर’ ही मोजणीसुद्धा मुद्दाम राखलेली आहे. पण हाच बाजार समुद्रापलीकडे वेगळा हिशेब करी. १९६५ चा ‘रबर सोल’ ब्रिटनमध्ये ‘ड्राइव्ह माय कार’ने सुरू होतो. अमेरिकेतल्या कंपनीने ते गाणं काढलं आणि आधीच्या ब्रिटिश अल्बममधलं ‘आय हॅव जस्ट सीन अ फेस’ पुढे बसवलं. नाव तेच, मुखपृष्ठावरचे चेहरे तेच, दार मात्र दुसरं. पहिलं गाणं हा कलावंताचा पवित्र निर्णय असतो असं मानणाऱ्यांनी या उदाहरणाशी जरा थांबावं.

आता फिक्या सुरुवातीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. अमेरिकी गायक बॉब डिलनचा १९६६ चा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’, रॉकमधल्या पहिल्या दुहेरी अल्बमांपैकी एक. पहिली सुई टेकते ती ‘रेनी डे विमेन’वर. लग्नातल्या बँडसारखी झिंगलेली वाद्यं, मध्येच खिदळणं, एकाच विनोदाचं दळण. पुढच्या सत्तर मिनिटांत काय येणार आहे याची त्यावरून कल्पनाही येत नाही. चौथी बाजू तर अख्खी एका गाण्याला दिलेली, अकरा मिनिटांहून मोठ्या. मग तोंडावर ही थट्टा कशाला? एक कारण साधं: ते गाणं त्याच वसंतात सुटी तबकडी म्हणून निघालं होतं आणि अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. दुकानात माणूस तेच मागत यायचा. दुसरं कारण माझ्या मते स्वभावाचं आहे. नॅशव्हिलच्या कसलेल्या वादकांना असा धिंगाणा घालायला लावून तो सगळ्यांत पुढे ठेवणं, ही भक्तगणांची गंभीर तोंडं पाहून केलेली खोडी वाटते. मला ते गाणं तरीही आवडत नाही.

आपल्याकडच्या माणसाला मात्र यात फारसं नवल वाटू नये. आपली परंपराच मुळी पहिल्या जागेवर मोठ्या अपेक्षा लादत नाही. १८८० च्या ‘संगीत शाकुंतला’ची ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी लोकांना पाठ असते, पण नाटकाला जायचं ते नांदी ऐकायला नव्हे. पेडणे-डिचोलीकडच्या दहिकाल्यात दशावताराच्या आधी आडदशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासुर राक्षस. त्या वेळात अर्धा गाव अजून खाज्याच्या दुकानांपुढे उभा असतो. पोरांना संकासुर हवा असतो, मोठ्यांना पुढचं आख्यान. गणपतीला कुणी टाळ्या मारत नाही आणि गणपतीशिवाय चालतही नाही. कीर्तनाचा पूर्वरंग तसाच. लोक यायला, बसायला, चपला कुठे ठेवल्या ते आठवायला वेळ लागतो, याची ती सोय आहे. ख्यालगायक बड्या ख्यालात सावकाश शिरतो तेव्हा त्याला आपण फिकं म्हणत नाही. संथ आणि फिकं यांतला फरक आपल्या कानाला कळतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाच्या १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या सुरुवातीला काळजाचे ठोके, घड्याळं, गल्ल्याचा खणखणाट आणि हसणं एकत्र ऐकू येतं, गाणं असं त्यात काही नाही. आपल्या माणसाला तो पूर्वरंग म्हणून लगेच उमगतो.

१९५५ साली अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदची एलपी अमेरिकेत निघाली, पाश्चात्त्य देशांतली भारतीय शास्त्रीय संगीताची पहिली एलपी. तीही भाषणानेच सुरू होते! व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन (यहुदी हे त्यांचं नावच) श्रोत्यांना ओळख करून देतात. ते वाल्डहाइमपेक्षा फार गोड बोलतात आणि त्या दिवसांत त्याची गरजही होती. पण तबकडी दहाव्यांदा लावणाऱ्याने काय करायचं? सुई उचलायची, अंदाजाने पुढे टाकायची. ओरखडे मग तिथेच.

कॅसेटने या सगळ्याला एक विचित्र वळण दिलं. फिलिप्सने ती १९६३ साली आणली. गोव्यात ती घराघरांत शिरली ती मुख्यतः आखातात कामाला गेलेल्या माणसांच्या टू-इन-वनबरोबर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्राबरोबर. त्याआधी तबकड्या आणि ग्रामोफोन यायचे ते तारवटींच्या, म्हणजे बोटीवर कामाला असलेल्यांच्या, पेट्यांतून, पण ती चैन मोजक्या घरांची. कॅसेट सगळ्यांची झाली. आणि कॅसेटमध्ये मधलं गाणं शोधणं म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढणं. पुढे पळवा, थांबवा, ऐका, जास्त गेलं, मागे घ्या. रिवाइंडचं बटण दाबलं की ते आपोआप कुठे थांबतं? अगदी सुरुवातीला. म्हणजे कुणी मागितलं नसताना दर वेळी वाजायचं ते पहिलं गाणं. अल्बममधलं सगळ्यात फिकं गाणं सगळ्यात जास्त वेळा ऐकलं जायचं. वर्षं गेल्यावर ते नुसतं सहन होत नाही, त्याच्यावर जीव जडतो. शेजारच्या घरातल्या कुत्र्यासारखा. माझ्या पिढीच्या कितीतरी ‘आवडत्या’ गाण्यांचं भांडवल एवढंच आहे.

आमच्या लहानपणी म्हापशात मागणीप्रमाणे कॅसेट भरून देणारा एक होता. तुम्ही कागदावर गाण्यांची यादी द्यायची. यादीत काहीही असो, बाजू एकवर पहिलं गाणं तो गणपतीचं भरायचा, विचारल्याशिवाय. बोनी एम या परदेशी पॉप गटाची गाणी मागितलेल्या एकाने हुज्जत घातली, तेव्हा त्याने सांगितलं की फितीचं तोंड आधी खराब होतं, यंत्र तिथूनच फीत चावतं, देव पुढे असलेला बरा. धंद्याचं, यंत्राचं आणि रीतीचं कारण एका वाक्यात. मला तेव्हा राग यायचा, कारण साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये माझी चार मिनिटं जायची.

सीडी १९८२ साली आली आणि एका बटणात हा संसार मोडला. नको तर पुढे. गंमत म्हणजे याच काळात बिनगाण्याच्या सुरुवाती वाढल्या. ७४ मिनिटांची जागा भरायची होती. हिप-हॉपवाल्यांनी तर तोंडावर नाटुकली, गप्पा, शाळेची हजेरीसुद्धा घातली. लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम हजेरीनेच सुरू होतो. पहिल्यांदा ऐकताना मजा येते. नंतर बोट आपसूक बटणाकडे जातं, म्हणून ते तुकडे बिचारे कधी सवयीचे झाले नाहीत. कॅसेटवर असते तर झाले असते.

स्ट्रीमिंगने फिक्या सुरुवातीची उरलीसुरली सोय काढून घेतली. इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत आलं. तिथे गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते वाजलं असं धरतात. मग कोण सावकाश दार उघडणार? शिवाय क्रम मोडून गाणी वाजवणारं ‘शफल’ चालू असलं की पहिलं गाणं ही कल्पनाच उरत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश गायिका अडेलने आग्रह धरला, तेव्हा अल्बमच्या पानावरचं शफलचं मुख्य बटण काढून क्रमाने वाजवण्याची सोय पुढे आणली गेली. तिच्या त्या अल्बमची सुरुवात अगदी धिमी आहे, जुन्या सिनेमाच्या नामावलीसारखी. ती फिकी की संथ, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

व्हॉयेजरच्या तबकडीला मात्र पुढे पळवण्याचं बटण नाही. ती मिनिटाला १६⅔ फेरे घेते. गती निम्मी केली म्हणून एवढं सगळं मावलं. दोन यानांपैकी नंतरचं ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं आणि अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, मुंबईत केसरबाई गेल्या. तबकडीच्या सोनेरी झाकणावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरली आहे. सुई आणि तिचं धारकही सोबत दिलं आहे. एक फेरा ३.६ सेकंदांचा हवा, हे खुणांनी लिहिलं आहे. आणि डावीकडे वर जे चित्र आहे, त्यात सुई बरोबर सुरुवातीच्या खाचेवर ठेवलेली दाखवली आहे.